पिशवीभोवतीची पिशवी

"मावशी, माझ्या बॉडीने इम्प्लांट रिजेक्ट केलंय." भाची हे म्हणाली तेव्हा आम्ही ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो होतो. दीड वर्षापूर्वी तिने दोन्ही स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. डावीकडचा छान बसला. उजवीकडचा हळूहळू घट्ट झाला, वर सरकला आणि आता त्या कुशीवर झोपलं की दुखतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने स्वतःचं निदान केलं होतं, दुसऱ्या ऑपरेशनची चौकशीही सुरू केली होती. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे, कारण 'रिजेक्ट' हा शब्द मी आता फार जणींच्या तोंडून ऐकते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी तिला पहिला प्रश्न विचारला, "शरीर एकच, दोन्ही इम्प्लांट एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले. मग शरीराने डावा का नाही नाकारला?"

दुसऱ्याची किडनी बसवली की आपल्या लिम्फोसाइट पेशी तिच्यावरची परकी प्रथिनं ओळखतात आणि हल्ला करतात. ते खरं रिजेक्शन. इम्प्लांटमधलं सिलिकॉन (silicone) म्हणजे सिलिकॉन (silicon) हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची लांब साखळी. तिच्यावर अशी ओळखीची खूण नसते. इथे जे घडतं ते वेगळं आहे, आणि माझ्या मते त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

रस्त्याकडेच्या जुन्या झाडांभोवती लोखंडी ट्री गार्ड तसाच राहिलेला तुम्ही पाहिला असेल. खोड वाढत जातं आणि ती सळई पोटात घेतं. झाड तिला बाहेर ढकलू शकत नाही, पचवूही शकत नाही, म्हणून भोवती लाकूड रचतं. आपलं शरीरही असंच करतं. इम्प्लांट आत जाताच रक्तातली प्रथिनं त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. मग मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी येतात. एवढ्याशा पेशीपुढे अडीचशे-तीनशे मिलीलीटरची पिशवी! गिळणं शक्यच नाही. काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची राक्षसी पेशी बनवतात, तरीही जमत नाही. शेवटी फायब्रोब्लास्ट पेशींना निरोप जातो आणि त्या कोलॅजनचे धागे विणून भोवती एक पातळ आवरण तयार करतात. यालाच कॅप्सूल म्हणतात. हे आवरण प्रत्येकीला तयार होतं, डाव्या बाजूलाही झालेलं आहे. एखाद्या आजोबांच्या पेसमेकरभोवतीही ते असतं. चांगली कॅप्सूल कागदासारखी पातळ आणि लवचीक असते, आणि इम्प्लांट जागेवर राहायला तिची मदतच होते.

बिघडतं ते पुढे, ही कॅप्सूल आखडू लागते तेव्हा. भाचीच्या उजव्या बाजूला तेच झालं. 1971 साली जिनिव्हात ज्युलिओ गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी भरत आलेल्या जखमेत एक दुहेरी स्वभावाची पेशी पाहिली. ती फायब्रोब्लास्टसारखी धागे विणते आणि स्नायूसारखी आकुंचनही पावते. नाव मायोफायब्रोब्लास्ट. गुडघ्याला खोल जखम झाली की तिच्या कडा जवळ येतात त्या हिच्या ओढीने. भाजल्यानंतर कोपर आखडतं तेही हिच्याचमुळे. तिच्या पोटात अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्या असतात. स्लाइडवर त्या प्रथिनाचा रंग दिला की तपकिरी रेघांची रांग उमटते. इतक्या वर्षांनंतरही ती दिसली की मी दोन मिनिटं जास्त थांबते.

साध्या जखमेत काम संपलं की या पेशी स्वतःहून मरतात. आखडलेल्या कॅप्सूलमध्ये त्या मरत नाहीत. त्यामागचं चक्र जरा नीट समजून घ्या. टीजीएफ-बीटा नावाचा एक संदेश-रेणू ऊतींमध्ये कुलूपबंद पाकिटात साठवलेला असतो. मायोफायब्रोब्लास्ट धागे ओढते तेव्हा त्या पाकिटालाही ओढ बसते. भोवतालचा भाग मऊ असेल तर पाकीट नुसतं मागेपुढे सरकतं. भोवतालचा भाग ताठ असेल तर पाकिटाला सरकायला जागा नसते, ते उघडतं आणि टीजीएफ-बीटा मोकळा होतो. तो आणखी फायब्रोब्लास्टना मायोफायब्रोब्लास्ट बनवतो, त्या आणखी कोलॅजन विणतात, भाग आणखी ताठ होतो, आणखी पाकिटं उघडतात. म्हणजे ताठरपणाच पुढच्या ताठरपणाला खतपाणी घालतो. बाहेरून कितीही चोळलं तरी हे चक्र उलटं फिरत नाही.

आता शाळेतली भूमिती आठवा. ठरावीक घनफळ सर्वांत कमी पृष्ठभागात मावतं ते गोलात, म्हणून पाण्याचा थेंब गोल होतो. जेल दाबून त्याचं घनफळ कमी होत नाही. कॅप्सूल आखडली, तिचा पृष्ठभाग कमी झाला, की आतली चपटी पिशवी नाइलाजाने चेंडूसारखी गोल होत जाते. बाहेरून हाताला कडक लागतं. ऑपरेशनमध्ये कॅप्सूल उघडून तेच इम्प्लांट बाहेर काढलं तर ते बसवलं त्या दिवशीइतकंच मऊ निघतं! 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी पहिले सिलिकॉन जेल इम्प्लांट बसवले. तेव्हापासून जेल बदललं, कवच बदललं, आकार बदलले, पण कॅप्सूल आखडण्याची तक्रार काही संपलेली नाही.

मग एकाच बाजूला का? जखमेत जास्त काळ रक्त साचून राहिलं तर धोका वाढतो. सर्वांत जास्त संशय मात्र बायोफिल्मवर आहे. आपल्या त्वचेवर आणि दूधनलिकांमध्ये राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे निरुपद्रवी जंतू पिशवीला चिकटून चिकट थर बनवतात. त्यांच्यामुळे ना ताप येतो ना पू होतो, पण दाहाचा निरोप वर्षानुवर्षं जात राहतो आणि मायोफायब्रोब्लास्टना सुट्टी मिळत नाही. थरात लपलेल्या या जंतूंपर्यंत गोळ्यांमधलं अँटिबायोटिकही नीट पोहोचत नाही.

भाचीच्या सासूबाईंनी ऑपरेशननंतर तिचा भात बंद केला होता, का तर 'भाताने पू धरतो'. भाताचा आणि पुवाचा काहीही संबंध नाही. जखम भरताना शरीराला प्रथिनं आणि ऊर्जा हवी असते, वरणभात त्यासाठी उत्तमच. धूम्रपान मात्र खरोखर जखमेचा रक्तपुरवठा कमी करतं, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही.

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करताना तक्रार कोणती, हे आधी ठरवावं लागतं. पिशवी खाली घसरली, कडेला वळ्या दिसतात, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आकार मनासारखा नाही, या तक्रारींचं मूळ जागेच्या मापात, ऊतींच्या जाडीत किंवा निवडलेल्या आकारात असतं. त्यांच्याबाबत घाई नको. जखमेतलं सुरुवातीचं कोलॅजन बदलून पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि पूर्ण भरलेला व्रणही मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्केच ताकद मिळवतो. तिसऱ्या महिन्यातला आकार हा शेवटचा आकार नसतो. ताप, लाली, एकाच बाजूला अचानक सूज किंवा जखम उकलणं यांत मात्र एक दिवसही थांबू नये.

आखडलेली कॅप्सूल थांबून सुटत नाही. सर्जन ती काढतात किंवा छेद देऊन सैल करतात, नवं इम्प्लांट घालतात, कधी स्नायूवरची जागा बदलून स्नायूखाली नेतात. नुसती पिशवी काढून टाकणं हाही सन्मानाचा पर्याय आहे, पण ताणलेली त्वचा सैल राहते, तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागू शकते. पुन्हा आखडण्याची शक्यता दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्यापेक्षा जास्त असते. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिला रडू आलं, आणि मलाही ते सांगताना बरं वाटलं नाही.

व्हिडिओंमध्ये सध्या 'एन ब्लॉक'चा गजर चालू आहे. इम्प्लांट आणि कॅप्सूल अखंड, न फोडता काढलं तरच शरीर 'शुद्ध' होतं म्हणे. अशा अखंड शस्त्रक्रियेची खरी गरज असते ती इम्प्लांटभोवतीच्या लिम्फोमात. हा दुर्मीळ कर्करोग मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेला, आणि 2019 च्या जुलैमध्ये एलर्गन कंपनीने आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले. वर्ष उलटल्यावर एखादी बाजू अचानक पाण्याने सुजली, तर ते पाणी सुईने काढून पेशींच्या तपासणीला आणि सीडी-30 (या लिम्फोमाच्या पेशींवरची खूण) चाचणीला पाठवलंच पाहिजे. बाकीच्यांसाठी फासळ्यांना घट्ट चिकटलेली कॅप्सूल हट्टाने खरवडण्यात फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडण्याचा धोका आहे. शुद्धीचं हे वेड विज्ञानाचं नाही.

भाचीकडे पहिल्या ऑपरेशनचं बिल होतं, पण इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं कार्ड नव्हतं. कोणती कंपनी, कोणता पृष्ठभाग, किती मिलीलीटर, स्नायूच्या वर की खाली, हे कळल्याशिवाय दुसरा सर्जन अंधारात चाचपडतो. तिने रीतसर अर्ज करून ऑपरेशन नोट्स आणि कार्डाची प्रत मिळवली. पृष्ठभाग गुळगुळीत निघाला. एमआरआयमध्ये इम्प्लांट फुटलेलं नव्हतं. एम.सीएच. केलेल्या दोन प्लास्टिक सर्जनना ती स्वतंत्रपणे भेटली. दोघांनीही डावीकडे हात लावायची गरज नाही असंच सांगितलं. आरोग्य विमा सौंदर्य-शस्त्रक्रियेला चालत नाही, त्यामुळे खर्चाची जुळवाजुळव चालू आहे. उजवी कॅप्सूल काढून नवं इम्प्लांट घालायचं की काढूनच टाकायचं, ते तिने अजून ठरवलेलं नाही. त्यात मी पडणार नाही.

मी तिच्या सर्जनना एवढीच विनंती केली आहे की काढलेल्या कॅप्सूलचे दोन तुकडे दोन बरण्यांत पाठवा. एक फॉर्मॅलिनमध्ये, स्लाइडसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग उजवी बाजू का आखडली हे शोधायला हातात काहीच उरत नाही.