टेंगूळ

टेंगूळ म्हणजे डोक्याला मार बसल्यावर त्वचेखाली रक्त साकळून येणारा फुगवटा. कपाळावर त्वचा आणि हाड यांच्यामध्ये मऊ भाग अगदी थोडा आणि रक्तवाहिन्यांचे जाळे मात्र दाट. साचलेल्या रक्ताला आत वाव मिळत नाही, म्हणून ते बाहेर उचलले जाते आणि काही मिनिटांतच लिंबाएवढा उंचवटा दिसू लागतो. मांडीसारख्या मांसल भागावर तेच रक्त पसरते आणि काळानिळा डाग उठतो. दोन्ही मुक्या माराचेच प्रकार.

जन्मतः बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असते. मोठ्या माणसात ते सुमारे आठवा भाग भरते. त्यामुळे पावले टाकू लागलेल्या मुलाचा तोल वरच्या बाजूला असतो आणि पडताना डोके आधी जाते. गोव्यातील जुन्या घरांत या पडण्याच्या जागा ठरलेल्या: बल्कावाच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, चिऱ्याच्या पायऱ्या, सोप्याची कड, उंच उंबरठा, आणि पावसाळी दमट हवेत निसरडी झालेली तांबड्या सिमेंटची जमीन. पायऱ्या असलेल्या घरात चाकांचा वॉकर वापरूच नये. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल मागे उभे राहून ढकलते, त्यात बसत नाही. पायरीची धास्ती मात्र त्यालाही आहेच.

मूल आपटले की ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणत आजी त्याला उचलते, पदराचा बोळा करते, त्यावर तोंडाची वाफ सोडून तो टेंगळावर दाबते. तेवढ्यात रडे थांबते. या जवळिकीचे मोल मोठे आहे, पण सूज उतरवायची तर ऊब नव्हे, थंडावा हवा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे हलक्या हाताने धरावा. नुसता बर्फ त्वचेवर ठेवू नये. तेल लावून टेंगूळ चोळून ‘बसवणे’ टाळावे, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आंबेहळदीचा लेप घरोघरी लावतात. तो खरचटलेल्या जागी लावू नये. लहान मुलाला ॲस्पिरिन देऊ नये.

डाग आधी तांबडा-जांभळा, मग काळानिळा, पुढे हिरवट, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत विरतो. रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना आधी हिरवे बिलिव्हर्डिन, मग पिवळे बिलिरुबिन तयार होते, त्याचेच हे रंग. रंगावरून मार नेमका किती दिवसांपूर्वीचा हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. कपाळावरच्या टेंगळातले रक्त एक-दोन दिवसांत खाली उतरते आणि सकाळी मुलाचे डोळे काळे पडलेले दिसतात. आई हबकते, मूल खेळत-जेवत असेल तर हा बहुधा त्याच माराचा ओघळ असतो.

टेंगूळ केवढे आहे यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे. कपाळ, हनुवटी, गुडघे, नडग्या येथील खुणा चालत्या मुलाला शोभणाऱ्याच. दोन वर्षांखालील मुलाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेले, विशेषतः मऊ लागणारे टेंगूळ डॉक्टरांना दाखवावेच. तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडले असेल तरीही. शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी, उठवूनही जाग न येणे, आकडी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. जवळच्या सरकारी रुग्णालयातून गरज पडल्यास मुलाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात.

अजून रांगतही नसलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सहसा काळेनिळे उठत नाही. उठले, किंवा चालत्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर डाग दिसले, तर कारण शोधलेच पाहिजे. रक्त नीट न साकळण्याचा विकार असू शकतो, आणि कोणी मारले असण्याची शक्यताही घरच्यांना अवघड वाटते म्हणून झाकू नये.

एक घोटाळा मात्र नेहमीचा. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ते दुखत नाहीत, दिवसागणिक रंग बदलत नाहीत आणि बहुधा काही वर्षांत फिके पडतात. पाळणाघरात किंवा दवाखान्यात त्यांना माराची खूण समजले जाऊ नये म्हणून, बाळाच्या पहिल्या तपासणीतच त्यांची नोंद कागदावर करून घ्यावी.