घरच्या स्टुडिओसाठी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातील आमच्या दुकानात इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र), मायक्रोफोन किंवा हेडफोन घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक बिल होत असतानाच ‘सॉफ्टवेअर कोणते टाकू?’ असे विचारतात. काउंटरवर गर्दी असताना या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक तयार केले आहे. यात ज्या सॉफ्टवेअरची नावे आली आहेत त्यांपैकी एकही आम्ही विकत नाही. त्यामुळे आपण कोणते घ्याल याच्याशी आमच्या नफ्याचा संबंध नाही. इंटरफेस मात्र आम्ही विकतो, आणि त्याविषयीचा मजकूर वाचताना ही गोष्ट आपण जरूर लक्षात ठेवावी.

ट्रॅक किती आणि इनपुट किती

सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत होतो. सॉफ्टवेअरमध्ये शंभर ट्रॅक (प्रत्येक आवाजासाठी एक स्वतंत्र पट्टी) उघडता येतात, याचा अर्थ शंभर माइक एकाच वेळी रेकॉर्ड होतात असा नाही. एका वेळी किती स्वतंत्र आवाज आत येतील हे इंटरफेसच्या इनपुटवर ठरते. दोन इनपुटचा इंटरफेस असेल तर एका वेळी दोनच, मग सॉफ्टवेअर फुकटचे असो की लाखाचे. मिक्सर घेतानाही हेच पाहावे. यूएसबीची जोडणी असलेले बरेचसे छोटे मिक्सर आठ चॅनेलचे दिसले तरी संगणकाकडे त्या आठांचे मिश्रण दोनच चॅनेलमध्ये पाठवतात, आणि एकदा मिसळलेला तबला आवाजापासून पुन्हा अगदी स्वच्छ वेगळा काढता येईल याचा भरवसा कोणतेही मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर देत नाही. म्हणून मिक्सर घेण्यापूर्वी ‘संगणकात किती चॅनेल वेगवेगळे जातात?’ हा प्रश्न विक्रेत्याला, म्हणजे आम्हालाही, स्पष्ट विचारावा.

एकट्याने गाऊन, वाजवून, थरावर थर चढवत गाणे करणाऱ्याला दोन इनपुट पुरतात. तबला-डग्ग्याला दोन माइक लावले की दोन्ही इनपुट भरतात. आवाज नंतर घ्यावा लागतो. भजनी मंडळाला सगळे एकत्र बसून, पण प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हवे असेल, तर आठ इनपुटचा इंटरफेस लागतो आणि खर्चाचे गणितच बदलते. त्यातही वन-बीएचकेच्या हॉलमध्ये पाच जण जवळजवळ बसले तर पखवाज गायकाच्या माइकमध्ये उतरतोच. ट्रॅक वेगळे असले तरी आवाज वेगळे राहत नाहीत, आणि मध्येच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली तर ती सगळ्याच ट्रॅकवर बसते.

आमचा सल्ला असा की आधी पेटी आणि आवाजाचा एक कच्चा ट्रॅक घ्यावा, तो हेडफोनमध्ये ऐकत तबला घ्यावा, आणि शेवटी त्या तबल्यावर पक्का आवाज घेऊन कच्चा ट्रॅक बंद करावा. संगतीतली देवाणघेवाण यात थोडी हरवते हे खरे आहे. पण एखादी ओळ बिघडली तर तेवढीच ओळ पुन्हा घेता येते, आणि मल्टिट्रॅकचा मुख्य उपयोग तोच आहे. क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) लावायची असेल तर प्रोजेक्टमध्ये मात्रांची संख्या आधी नीट भरावी, कारण सॉफ्टवेअर आपणहून चारच मात्रा धरून चालते. रूपकासाठी सात, दादऱ्यासाठी सहा. जिथे लय हळूहळू चढत जाते, आणि भजनात ती चढतेच, तिथे क्लिक बंद ठेवावी हे उत्तम.

पेटीविषयी एक सूचना येथेच देतो. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या (पाश्चात्त्य ‘ए’ स्वराच्या) प्रमाण मापाशी काटेकोर जुळलेली असतेच असे नाही. पहिला ट्रॅक घेण्यापूर्वी ती ट्यूनरवर तपासावी आणि आठ-दहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक निघाला तर पेटीला हात न लावता सॉफ्टवेअरमधील कीबोर्डचे स्वर आणि तानपुऱ्याचे ॲप तेवढे वर किंवा खाली करून घ्यावे. सहा ट्रॅक झाल्यावर हा फरक कानाला लागला तर पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते.

कोणते सॉफ्टवेअर कोणासाठी

आपल्याकडे ॲपलचा संगणक असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी गॅरेजबँड वापरून पाहावे. ते मोफत आहे, शिकायला सोपे आहे आणि त्यात वाद्यांचे तयार आवाज भरपूर आहेत. ते ४४.१ किलोहर्ट्झवरच, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेऊनच, काम करते. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ मागणाऱ्यांना शेवटी रूपांतर करून द्यावे लागते, पण त्यात अवघड असे काही नाही.

विंडोज वापरणाऱ्या आणि गाण्याचे काम गांभीर्याने करू इच्छिणाऱ्या ग्राहकांना आम्ही बहुतेक वेळा रीपर सुचवतो. विनॅम्प तयार करणारे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचे हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण स्वरूपात, काहीही न अडवता वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी सवलतीचा परवाना ६० डॉलरना, म्हणजे रुपयांत पाच हजारांच्या थोडे वर, मिळतो. व्यवसायासाठी वापरणाऱ्यांनाही वार्षिक उलाढाल २०,००० डॉलरपर्यंत असेल तर हाच परवाना चालतो, त्यापुढे २२५ डॉलरचा घ्यावा लागतो. मुदत संपल्यावरही ते उघडते आणि परवान्याची आठवण करून देते, म्हणून काही जण वर्षानुवर्षे तसेच वापरतात. इतक्या कमी किमतीत इतके देणाऱ्याशी असे वागणे आम्हाला योग्य वाटत नाही. रीपर जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते. उणीव अशी की त्यासोबत तयार वाद्ये जवळजवळ नाहीत आणि पहिल्या दिवशी त्याचा पडदा नवख्याला कोरडा वाटतो. ज्याला तयार ठेके आणि लूप लावून पटकन काही ऐकायचे आहे त्याचा रीपरवर हिरमोड होईल. ज्याला स्वतःचे गाणे-वाजवणे रेकॉर्ड करायचे आहे त्याचा होणार नाही.

ऑडॅसिटी सर्वांना ठाऊक आहे. निवेदन, कथावाचन, जुन्या कॅसेट संगणकात उतरवणे यांसाठी ते उत्तम आणि संपूर्ण मोफत आहे. त्यात ट्रॅक कितीही घेता येतात आणि २०२२ मधील ३.२ आवृत्तीपासून वाजत असतानाच इफेक्ट लावण्याची सोयही आली आहे. मात्र आधीच्या ट्रॅकवर नवा ट्रॅक घेताना तो किंचित मागे-पुढे बसू शकतो आणि तो फरक स्वतः मोजून सेटिंगमध्ये भरावा लागतो. तबल्याच्या बाबतीत एवढा फरकही खपत नाही, म्हणून गाण्याच्या कामासाठी ते आमची पहिली पसंती नाही.

प्रो टूल्सची इंट्रो ही मोफत आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकपर्यंत चालते. पुढे मोठ्या स्टुडिओत काम करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याने ती हाताखालून घालवावी, कारण तिथे हेच सॉफ्टवेअर भेटण्याची शक्यता मोठी असते. आर्डर हे लिनक्सवाल्यांसाठी चांगले आहे. एफएल स्टुडिओच्या सर्वांत स्वस्त, फ्रूटी नावाच्या आवृत्तीत माइकवरून ऑडिओ ट्रॅक रेकॉर्ड करता येत नाहीत. त्यासाठी प्रोड्युसर आवृत्ती लागते, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. बऱ्याच इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेस एलई यांचा कोड येतो. खोक्यातील तो कागद आपण टाकून देऊ नये. ट्रॅकची मर्यादा असली तरी पहिली काही गाणी त्यात सहज होतात.

कुठून तरी मिळालेल्या ‘क्रॅक’ आवृत्त्यांबाबत आम्हाला विचारू नये. त्या बेकायदेशीर आहेत आणि त्यांतून व्हायरस आलेले लॅपटॉप आम्ही दुरुस्तीस घेत नाही.

आवाज उशिरा ऐकू येणे

माइकमध्ये गायलेला स्वर हेडफोनमध्ये थोडा मागाहून ऐकू येतो आणि गाणारा गोंधळतो. याला लेटन्सी म्हणतात, आणि पुष्कळदा सॉफ्टवेअर वाईट आहे असे समजून ग्राहक ते बदलतात. खरे कारण बहुधा ड्रायव्हर (इंटरफेस संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) आणि बफर (संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा) हे असते. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर. तोच १२८ केला तर तीन मिलिसेकंदांहून कमी, म्हणजे आवाजाला हवेतून साधारण एक मीटर यायला लागतो तेवढाच वेळ. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान आणि मिक्सिंग करताना मोठा ठेवावा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडावा. बफर लहान केल्यावर आवाजात टकटक येऊ लागली तर लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे का ते आधी पाहावे. बॅटरीवर असताना प्रोसेसरचा वेग बऱ्याचदा कमी केलेला असतो. एवढ्यानेही भागले नाही तर इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण दाबावे, म्हणजे आपला आवाज संगणकात फेरी न मारता थेट हेडफोनमध्ये येतो.

पैसे भरताना आणि जपून ठेवताना

परदेशी संकेतस्थळावर पैसे भरण्यासाठी कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावे लागतात. डॉलरच्या दराशिवाय बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि कर धरून हिशेब करावा.

जागेचा हिशेबही सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडी वर जागा घेतो. आठ ट्रॅकचे तासाभराचे रेकॉर्डिंग चार जीबीच्या वर जाते. रीपरमध्ये नवा प्रोजेक्ट जतन करताना ‘क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट’ आणि ‘कॉपी ऑल मीडिया’ या दोन्ही चौकटींवर खूण करावी, नाहीतर प्रोजेक्टची फाइल एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्याच फोल्डरमध्ये अशी पांगापांग होते आणि पेनड्राइव्हवर नेलेली फाइल दुसरीकडे उघडल्यावर मुकी निघते.

पूर्ण झालेल्या गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणूनही काढून ठेवावा. मिक्सिंगसाठी गाणे दुसऱ्या स्टुडिओत द्यायचे असेल तर त्यांना याच फाइल लागतात, आपले सॉफ्टवेअर कोणते याने फरक पडत नाही. शिवाय सॉफ्टवेअर कायम राहीलच असे नाही. केकवॉक हे विंडोजवरचे जुने आणि नावाजलेले सॉफ्टवेअर; २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीने त्याचे काम थांबवले, २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन मोफत केले आणि आता त्याची जागा नव्या सोनारने घेतली आहे. ज्यांच्याकडे वेव्ह फाइल होत्या त्यांचे या उलथापालथीत काही अडले नाही.

आमच्याकडून घेतलेल्या इंटरफेसचा ड्रायव्हर टाकून बफर लावून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. येताना लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि रोज वापरता तोच हेडफोन आणावा. विंडोजचा ॲडमिनचा पासवर्डही माहीत असावा. शक्यतो दुपारी यावे. संध्याकाळी गर्दी असते आणि रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये लेटन्सी ऐकू येत नाही.