सांता कातारिनाचं संतपद खरंच काढलं होतं का? थोडी पार्श्वभूमी

२५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा, गोव्यात जिला सांता कातारिना म्हणतात तिचा, फेस्ताचा म्हणजे सणाचा दिवस. तो जवळ आला की कोणीतरी हमखास सांगतं, "अहो, त्या कॅथरीनचं संतपद व्हॅटिकननेच काढून घेतलंय." आणि जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल पाहिलेला माणूस हे ऐकून गोंधळतो, कारण ते अख्खं कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघूया.

मूळ कथा बहुतेकांना माहीत असते. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, वरच्या घराण्यातली शिकलेली मुलगी, सम्राटाने तिच्याशी वाद घालायला ५० पंडित बसवले आणि तेच ख्रिस्ती होऊन बसले. मग खिळ्यांचं चाक आणलं, ते तिचा हात लागताच मोडलं, शेवटी तिचा शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला. ब्रिटनमध्ये गोल फिरणाऱ्या फटाक्याला, म्हणजे आपल्या भुईचक्रासारखा असतो त्याला, कॅथरीन व्हील म्हणतात ते या चाकावरूनच.

आता अडचण अशी की तिच्या काळातलं कोणीच तिचं नाव घेत नाही. त्याच काळातला एक चर्च इतिहासकार अलेक्झांड्रियातल्या एका श्रीमंत, शिकलेल्या ख्रिस्ती बाईबद्दल लिहितो, तिने सम्राटाला नकार दिला म्हणून तिची मालमत्ता जप्त करून तिला हद्दपार केलं, पण नाव देत नाही आणि तिला मारलं असंही म्हणत नाही. काही अभ्यासकांना वाटतं की ख्रिस्ती जमावाने ४१५ साली मारलेल्या हायपेशिया या ख्रिस्ती नसलेल्या गणितज्ञ बाईचीच गोष्ट उलटी फिरून ही कथा तयार झाली. सिनाईचा मठसुद्धा सहाव्या शतकात बांधला तेव्हा मारियामातेच्या नावाने होता, कॅथरीनचं नाव नंतर चिकटलं. अकराव्या शतकात तिचे अवशेष म्हणून काही फ्रान्समध्ये रूआँला पोचलं आणि तिथून युरोपभर ती विद्यार्थ्यांची, तत्त्वज्ञांची, गिरणीवाल्यांची, लग्न न झालेल्या मुलींची संत झाली. पंधराव्या शतकात फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला जे आवाज ऐकू यायचे त्यात एक हिचा होता.

गोव्यात मात्र ती आली ती तारखेमुळे. पोर्तुगीजांनी १५१० च्या सुरुवातीला शहर घेतलं होतं, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्यांना हुसकावलं, आणि २५ नोव्हेंबरला त्यांनी ते परत जिंकलं. तो नेमका तिच्या फेस्ताचा दिवस. नंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने स्वतः राजाला लिहिलेल्या पत्रात आकडा सुमारे ६,००० दिलाय, आणि कॅथरीनबद्दल बोलताना हे गाळू नये असं मला फार वाटतं. ज्या मुलीने तलवार कधी उचलली नाही, उलट तलवारीखाली मान दिली, तिच्या नावावर तो विजय लागला. पोर्तुगीज इंडियाच्या राजचिन्हात तिचं चाक गेलं. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमागे जी छोटी जांभ्या दगडाची कपेल, म्हणजे प्रार्थनाघर आहे (आत्ताची १९५२ ची नव्याने बांधलेली) तिथल्या शिलालेखात पोर्तुगीजमध्ये कोरलंय की या जागी दरवाजा होता, त्यातून गव्हर्नर आत शिरला आणि सांता कातारिनाच्या दिवशी शहर घेतलं, तिच्या आठवणीसाठी १५५० मध्ये हे घर बांधलं. १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १५६२ ला से कॅथेड्रलचं काम सुरू झालं आणि ते १६१९ पर्यंत चाललं. त्याचा एक मनोरा १७७६ ला कोसळला तो परत उभारलाच नाही.

आता ज्यावरून संतपद काढल्याचं बोललं जातं तो १९६९ चा निर्णय. त्यावर्षी रोमने सगळ्या जगासाठीचं चर्चचं कॅलेंडर नव्याने आखलं, सणांची गर्दी कमी करायची होती आणि ज्यांच्याबद्दल इतिहासात काहीच हाताला लागत नाही अशी नावं बाजूला काढली. कॅथरीन गेली, बार्बरा गेली, व्हॅलेंटाइन गेला. घोळ होतो तो "काढलं" या शब्दाने. कॅलेंडरमधून काढणं म्हणजे अमुक दिवशी जगातल्या प्रत्येक चर्चमध्ये तिची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, लावायची हा नेम गेला, बस. संतांची जी मोठी यादी असते, मार्टिरॉलॉजी, त्यात तिचं नाव होतं तसंच राहिलं. आणि ज्या चर्चचं नावच तिचं, तिथे तो दिवस आधीसारखाच मोठा सण, त्याला नियमातच जागा आहे. म्हणजे संतपद काढलं हे सरळ चूक आहे. पण निर्णय सगळ्यांना सारखा लावला असंही म्हणता येत नाही, कारण सेसिलिया या दुसऱ्या संत बाईच्या कथेबद्दलही तेवढ्याच शंका होत्या, तरी लोकांची भक्ती फार आहे म्हणून तिला ठेवलं. कॅथरीनची भक्ती काय कमी होती?

पुढे २००० च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पोप सिनाईच्या मठात जाऊन आले आणि २००२ च्या नव्या मिस्सलमध्ये, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनापुस्तकात, तिचा दिवस परत आला, ऐच्छिक म्हणून. ही दुसरी बातमी कोणाला माहीतच नसते, पहिलीच पन्नास वर्षं फिरतेय.

गोव्यात तर अजून एक गोष्ट आड येते. से कॅथेड्रलच्या रस्त्यापलीकडच्या बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे हिचा दिवस त्या गर्दीत बुडून जातो. एकदा त्याच दिवसांत मी सेच्या मुख्य वेदीसमोर उभा होतो, सोन्याचा मुलामा दिलेली ती उंचच उंच वेदी, तिच्यावर हिच्या आयुष्यातले आणि छळाचे प्रसंग कोरलेले. शेजारी मेणबत्ती घेऊन आलेल्या एक मावशी बराच वेळ वर बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "ही मदर मेरीच ना रे?" मी म्हटलं, "नाही मावशी, सांता कातारिना." त्यांनी परत एकदा वर बघितलं आणि मेणबत्ती तिथेच लावली.