एम.टेक. अडतं ते डेझर्टेशनपाशी

जळगाव-धुळ्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांत शिकवणाऱ्या कुणाला 'एम.ई. झालं का?' विचारा. एम.ई. काय नि एम.टेक. काय, दोन्ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदव्या. बऱ्याचदा एकच उत्तर येतं: 'विषय निघाले सगळे, फक्त डेझर्टेशन राहिलंय.' डेझर्टेशन म्हणजे शेवटच्या वर्षाचा संशोधनप्रबंध. हा 'फक्त' कुठून आला, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्याच सुमारास जळगावजवळ गिरणाकाठी बांभोरीला आणि धुळ्यात कॉलेजं निघाली, पण विद्यापीठ पुण्याचं. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि) झालं, तेव्हा कुठे परीक्षा आणि निकाल घराजवळ आले. पुढे काही कॉलेजं कोकणातल्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली, म्हणजे कागद पुन्हा लांब, आता घाट उतरून जायला लागले.

या सगळ्यात बराच काळ महत्त्व होतं ते बी.ई.ला. फर्स्ट क्लास बी.ई. असला की लेक्चररची नोकरी मिळे, मग एम.ई. कशाला? चित्र पालटलं ते एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, 2010 च्या नियमांनी. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एम.ई. किंवा एम.टेक. हवंच, आणि बी.ई. नि एम.ई. यांपैकी एका पदवीत फर्स्ट क्लास. मग शिकवता शिकवता शिकणाऱ्यांची रांग लागली. दिवसा वर्गावर, रात्री अभ्यास. लेखी परीक्षेला तारीख असते, म्हणून ती दिली जाते. डेझर्टेशनला तारीख गाईडची, लॅबची आणि स्वतःच्या सवडीची. तिथेच गाडं रुततं.

2018 मध्ये एआयसीटीईनं पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा नमुना काढला, त्यात हिशेब उघड आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं माप. चार सत्रांत 18, 18, 16, 16 असे 68 क्रेडिट. तिसऱ्या सत्रात डेझर्टेशनचा पहिला टप्पा 10 क्रेडिटचा, चौथ्यात दुसरा टप्पा 16 चा. म्हणजे 68 पैकी 26, पदवीचा एक तृतीयांशाहून मोठा तुकडा. त्याला 'फक्त' म्हणणं म्हणजे कापूस वेचून झाला, फक्त विकायचा राहिला म्हणण्यासारखं. विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजं या नमुन्यात आपापल्या परीनं फेरफार करतात, तेव्हा आपल्या बॅचचं नियमपत्रक हातात असलेलं बरं. सीनियरचा सल्ला त्याच्या बॅचपुरता.

शून्य क्रेडिटचे दोन ऑडिट कोर्सही या नमुन्यात आहेत. संस्कृत, योग, संविधान, संशोधनलेखनाचं इंग्रजी यांतून निवडायचे. गुणपत्रिकेत त्यांचं वजन नाही, म्हणून पोरं विसरतात आणि शेवटी ऑफिसच्या खिडकीशी आठवतात.

त्याच 2018 मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याचे नियम आले. पूर्वी प्रबंध चाळून 'हे कुठून आणलं?' असं विचारायचं काम एक्स्टर्नलचं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचं होतं, आता आधी सॉफ्टवेअर आकडा सांगतं. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही. 40 पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 60 पर्यंत गेलं तर वर्षभर सबमिशन बंद. त्याहून वर गेलं तर नोंदणीच रद्द.