सिंचनासाठी होणाऱ्या भूजल उपशाचा अंदाज

शेतीसाठी विहिरी व कूपनलिकांतून उपसल्या जाणाऱ्या पाण्याचे परिमाण ठरवण्याची प्रक्रिया. आकडा एकूण उपशाचा की निव्वळ वापराचा, हे आधी ठरवावे लागते. उपसलेल्या पाण्याचा काही भाग पाटांतून, वाफ्यांतून झिरपून पुन्हा भूजलात मिसळतो. तो वजा जाता निव्वळ वापर उरतो. ठिबकमुळे उपसा घटला तरी वाचलेले पाणी एरवी झिरपून परत जाणारेच असेल, तर निव्वळ वापर फारसा बदलत नाही.

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पंपाच्या नळावरचा मीटर. तो वळणालगत बसवला तर घुसळलेल्या प्रवाहामुळे चुकतो. म्हणून त्याच्याआधी नळाच्या व्यासाच्या सुमारे 10 पट सरळ लांबी ठेवणे चांगले. वाळूने चक्र झिजले की नोंद कमी येऊ लागते.

मीटर नसल्यास प्रवाहाला पंपाच्या तासांनी गुणतात. 200 लिटरचे पिंप 40 सेकंदांत भरले तर ताशी 18 घनमीटर. पंप सुरू होताच मोजू नये, विहिरीतली पातळी स्थिरावू द्यावी. शिवाय पातळी खोल गेली की तोच पंप कमी पाणी देतो, म्हणून हंगामात ही मोजणी पुन्हा करावी लागते. वीजवापरावरूनही हिशेब होतो. 1 युनिट वीज तत्त्वतः 367 घनमीटर पाणी 1 मीटर उचलते. एकूण उचल 30 मीटर व कार्यक्षमता 40 टक्के धरल्यास युनिटमागे सुमारे 4.9 घनमीटर. इथे पंप बंद असतानाची पातळी धरणे ही नेहमीची चूक. चालू पंपाची खालावलेली पातळी, नळातले घर्षण आणि ठिबकचा दाब हे सारे उचलीत येते.

पिकाच्या गरजेवरून काढताना संदर्भ बाष्पोत्सर्जनाला (त्या हवामानात प्रमाण गवताच्या शेतातून वाफ होऊन जाणारे पाणी) पीक गुणांकाने (त्या तुलनेत पिकाला किती लागते ते प्रमाण) गुणतात. हंगामाची गरज 450 मिमी, उपयुक्त पाऊस 100 आणि मातीतली ओल 50 असेल, तर 300 मिमी सिंचन लागते. 60 टक्के सिंचन कार्यक्षमतेला (दिलेल्या पाण्यापैकी पिकाला मिळणारा वाटा) ते 500 मिमी, म्हणजे हेक्टरी 5,000 घनमीटर. पण ही गरज झाली, दिलेले पाणी नव्हे. टंचाईत शेतकरी पाळ्या चुकवतो, कालव्याचे पाणी असेल तर विहीर कमी चालवतो. दोन्ही वेळा हा आकडा फुगतो. पंपाच्या हिशेबापेक्षा तो बराच मोठा आला तर प्रथम हेच तपासावे.

कोरड्या हंगामातल्या पातळीच्या घटीवरूनही अंदाज बांधतात. 1 चौरस किलोमीटरमध्ये पातळी 4 मीटर उतरली आणि विशिष्ट उत्पाद (खडकाच्या आकारमानाच्या तुलनेत त्यातून निचरून मिळणारे पाणी) 2 टक्के असेल, तर साठा 80,000 घनमीटरने घटला. 3 टक्के धरल्यास 1,20,000. कठीण खडकात हा एक टक्काही वादाचा असतो. शिवाय ओढ्यानाल्यांकडे वाहून जाणारे भूजल वजा केल्याशिवाय ही घट उपशाच्या नावे मांडता येत नाही.

उपग्रहांच्या औष्णिक प्रतिमांवरून शेतनिहाय बाष्पोत्सर्जन मिळते, पाण्याचा स्रोत मात्र कळत नाही. 2002 मध्ये सोडलेले ग्रेस उपग्रह व 2018 पासूनचे त्यांचे वारस गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून एकूण जलसाठ्यातली घट दाखवतात. त्यातून मातीतली ओल, बर्फ व जलाशय वजा करावे लागतात. त्यांची नजर शेकडो किलोमीटरांची आहे, त्यामुळे मोठ्या खोऱ्याचा कल कळतो, गावाचा उपसा नाही.