पेरूच्या जेलीत हाडं नसतात

‘जेली थरथरते, म्हणजे तिच्यात जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असणारच’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका अगदीच निराधार नाही. काही गोड पदार्थांत जिलेटिन असतंही. पण पेरूची जेली धरते ती पेक्टिनमुळे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतली (पेशीच्या भिंतीतली) ही रेणूंची लांब साखळी मुख्यतः गॅलॅक्च्युरॉनिक आम्लाची, म्हणजे साखरेच्याच भावंडाची. तिचे दुवे जोडणारी विकरं (एन्झाइम) घडवण्याची कृती झाडाच्या स्वतःच्या जनुकांत असते. पुढे कढईत साखर पाणी ओढून घेते, लिंबाच्या आंबटपणानं साखळ्या जवळ येतात आणि त्यांचं जाळं बनतं.

घरी करून पाहा. अर्धवट पिकलेले पेरू शिजवा, न पिळता गाळा (पिळलं की जेली गढूळ होते), साखर-लिंबू घालून आटवा. गार झाल्यावर थरथरेल. विकतच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ४४० हा आकडा दिसला, तर तो पेक्टिनचा.