शब्दयोगी पदबंध आणि नामपदबंध (इंग्रजी)

‘इन द रूम’, ‘विथ अ नाइफ’, ‘आफ्टर द रेन’ अशा शब्दसमूहांना इंग्रजी व्याकरणात शब्दयोगी पदबंध म्हणतात. त्यांचा नामपदबंधाशी, म्हणजे ‘द रूम’ किंवा ‘ॲन ओल्ड डोअर’ यांसारख्या नामप्रधान शब्दसमूहाशी, दोन प्रकारे संबंध येतो. एक नामपदबंध शब्दयोगी पदबंधाच्या पोटातच असतो; दुसरा त्या संपूर्ण पदबंधानंतर वाक्याचा स्वतंत्र घटक म्हणून येतो. पहिल्याचे नियम थोडक्यात सांगता येतात. दुसऱ्याचे स्थान मात्र व्याकरणाइतकेच वाक्यातील माहितीच्या मांडणीवर ठरते, आणि शब्दक्रमाच्या बाबतीत एरवी ताठर असणारी इंग्रजी इथे थोडी सैल होते.

इंग्रजीतील शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते. ‘प्रिपोझिशन’ या नावाचा मूळ लॅटिन अर्थही ‘आधी ठेवणे’ असाच आहे. अव्ययानंतर येणारे सर्वनाम कर्मरूपात असावे लागते, म्हणून ‘विथ मी’ बरोबर आणि ‘विथ आय’ चूक. तरीही ‘बिट्वीन यू अँड आय’ हा प्रयोग सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येतो, कारण ‘मी’ हे रूप गावंढळ वाटेल या धास्तीने बोलणारा नको तिथे शुद्ध होऊ पाहतो. अव्ययानंतर नामपदबंधच आला पाहिजे असेही नाही: ‘फ्रॉम अंडर द बेड’मध्ये एका अव्ययाच्या पोटात दुसरा शब्दयोगी पदबंध आहे. ‘ॲट नाइट’, ‘बाय बस’, ‘गो टू स्कूल’ यांत नामाचे उपपद (‘द’, ‘अ’) गळते. रुग्ण म्हणून दाखल असलेल्या माणसाबद्दल ब्रिटिश बोलणारे ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, तर अमेरिकी ‘इन द हॉस्पिटल’. या रचनेचा वापर किती दाट आहे हे शब्दांच्या मोजणीतून दिसते. १९६१ साली छापल्या गेलेल्या अमेरिकी मजकुरातून निवडलेल्या, सुमारे १० लाख शब्दांच्या ब्राउन संग्रहात ‘द’च्या खालोखाल ‘ऑफ’ हाच शब्द सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचा वाटा ३.५ टक्क्यांच्या आसपास भरतो.

मराठीशी तुलना केल्यास हा क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो. ‘द लिड ऑफ द बॉक्स ऑन द टेबल इन द रूम’ याचे मराठी ‘खोलीतील टेबलावरील पेटीचे झाकण’ असे होते. इंग्रजीत सर्वांत आधी येणारे झाकण मराठीत सर्वांत शेवटी येते आणि मधली प्रत्येक पायरीही उलटते. हा केवळ योगायोग नव्हे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या शब्दक्रमविषयक निरीक्षणांनुसार, कर्ता-कर्म-क्रियापद असा क्रम पाळणाऱ्या भाषांत शब्दयोगी अव्यय बहुधा नामानंतरच येते. इंग्रजीतील अशा साखळीत मुख्य नाम आणि क्रियापद एकमेकांपासून दूर जातात, आणि मधल्या नामाचे वचन क्रियापदाला आपल्याकडे ओढते: ‘द की टू द कॅबिनेट्स आर’ अशी चूक मातृभाषक इंग्रजही बोलण्याच्या ओघात करतात.

संपूर्ण शब्दयोगी पदबंधानंतर स्वतंत्र नामपदबंध येण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे स्थळ किंवा काळ दाखवणारा पदबंध वाक्याच्या आरंभी नेणे आणि पाठोपाठ कर्ता ठेवणे: ‘आफ्टर डिनर, द गेस्ट्स लेफ्ट’. येथे दोन नामे शेजारी येतात, म्हणून स्वल्पविरामाला महत्त्व येते. उपपद आणि स्वल्पविराम दोन्ही काढून ‘आफ्टर डिनर गेस्ट्स लेफ्ट’ असे लिहिले, तर वाचक ‘डिनर गेस्ट्स’ हा एकच जोडशब्द समजून पुढे जातो आणि वाक्य संपल्यावर अडखळतो. बोलताना हे काम क्षणभराचा विराम करतो.

दुसरी रीत अधिक लक्षणीय आहे. ‘इन द कॉर्नर स्टुड अ लॅम्प’ या वाक्यात पदबंध आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम लागतो. कर्ता शेवटी गेला तरी क्रियापद त्याच्याच वचनानुसार चालते: ‘इन द कॉर्नर इज अ लॅम्प’, पण ‘इन द कॉर्नर आर टू लॅम्प्स’. या रचनेत असणे, येणे, जाणे, उभे राहणे, लटकणे अशा अर्थांची अकर्मक क्रियापदेच बहुधा बसतात. ‘ऑन द टेबल पुट द बॉय अ बुक’ हे वाक्य इंग्रजी कानाला मुळीच चालत नाही. शेवटी येणारा नामपदबंध ऐकणाऱ्याला नवी वस्तू दाखवणारा असावा लागतो. कोपरा आधीच डोळ्यांसमोर आहे आणि दिवा आता दिसतो आहे, असा या क्रमाचा अर्थ असतो. सर्वनाम ज्याचा निर्देश करते ती व्यक्ती आधीच ओळखीची असते, म्हणून ‘इनटू द रूम केम ही’ असे म्हणता येत नाही. तिथे ‘इनटू द रूम ही केम’ एवढेच शक्य असते, आणि तेही काहीसे नाट्यमय वाटते. एकूणच ही उलटी रचना वर्णनात जितकी सहज येते तितकी गप्पांत येत नाही.

ही सवय जुन्या इंग्रजीकडून आली आहे. त्या काळी वाक्याच्या आरंभी कोणताही घटक आला तरी क्रियापद पुष्कळदा दुसऱ्या स्थानी राही आणि कर्ता त्यानंतर येई. जर्मन भाषेत हा नियम आजही जिवंत आहे; इंग्रजीत तो मध्ययुगाच्या उत्तरार्धात मावळला आणि त्याचे काही अवशेष तेवढे उरले. नकारार्थी पदबंध हा असाच एक अवशेष. ‘ॲट नो टाइम डिड ही स्पीक’ म्हणजे तो कधीही बोलला नाही. येथे साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. पण ‘इन नो टाइम ही केम बॅक’ म्हणजे तो क्षणार्धात परतला. त्यात ‘नो’ असूनही वाक्य नकारार्थी नाही, म्हणून क्रमही बदलत नाही. त्याहून सूक्ष्म जोडी अशी: ‘विथ नो जॉब शी वुड बी हॅपी’ म्हणजे नोकरी नसली तर ती सुखी होईल, आणि ‘विथ नो जॉब वुड शी बी हॅपी’ म्हणजे कोणतीही नोकरी मिळाली तरी ती सुखी होणार नाही. शब्द तेच राहतात, केवळ दोन शब्दांची अदलाबदल होते आणि अर्थ उलटतो.

शब्दयोगी पदबंधानंतर कर्मही येऊ शकते, पण त्याला वजन लागते. इंग्रजी क्रियापदाला आपले कर्म सहसा लगेच शेजारी हवे असते. ‘शी पुट द लेटर ऑन द टेबल’ हा नेहमीचा क्रम, आणि ‘शी पुट ऑन द टेबल इट’ अशक्य. तेच कर्म लांबले, जसे ‘ऑल द लेटर्स दॅट हॅड कम दॅट मॉर्निंग’, की ते ‘ऑन द टेबल’च्या पुढे शेवटी टाकणे सोयीचे ठरते, कारण एरवी टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत ऐकणाऱ्याला सारे सांभाळून ठेवावे लागते. वाक्यात आखूड घटक आधी आणि लांब घटक नंतर येण्याची ही प्रवृत्ती ओटो बेहागेल या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९०९ मध्येच नोंदवली होती. क्वचित शब्दयोगी पदबंध स्वतःच कर्त्याची जागा घेतो आणि नामपदबंध त्याचे विधान म्हणून मागून येतो: ‘अंडर द बेड इज अ गुड प्लेस टू हाइड’.

मराठी भाषकाला या क्रमाची अडचण येते ती वेगळ्याच कारणाने. मराठीत ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटले की ते पुस्तक ठाऊक असलेले ठरते, आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटले की पुस्तकाची बातमी नवी ठरते; उपपदांचे काम बऱ्याच अंशी क्रमच करतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘द बुक इज ऑन द टेबल’ हे सरळ वाक्य मिळते. दुसऱ्याचा क्रम जसाच्या तसा ठेवून ‘ऑन द टेबल इज अ बुक’ म्हटले तर ते व्याकरणदृष्ट्या चुकत नाही, पण साध्या संभाषणात पुस्तकी वाटते. दैनंदिन इंग्रजी त्या जागी ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ म्हणते. ‘देअर’ कर्त्याची मोकळी जागा भरतो आणि नवा नामपदबंध क्रियापदानंतर, म्हणजे नव्या माहितीच्या जागी, राहतो. शब्दयोगी पदबंध मात्र त्या नामपदबंधाच्या आधी येण्याऐवजी नंतर येतो.